काकवीतलं नाव

"काय वो पावणं, डोळं काय घरात ठिवून आलाय?"

पूर्णिमानं राजवीरला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. हातकणंगल्याच्या रस्त्यावर गणपतरावांचं गुऱ्हाळ आहे. तिथं ती नव्या बोर्डावर अक्षरं कोरत बसली होती आणि एक लांबटांग्या माणूस हातात काकवीची वाटी घेऊन, चिमणीच्या धुराकडे बघत मागं मागं सरकत आला तो थेट तिच्या बोर्डावर. वाटी उपडी झाली. तोही पडायचाच, पण सावरला.

"सॉरी... लोकेशन बघत होतो."

"लोकेशन वर हाय व्हय? बोर्ड खाली हाय."

"बोर्ड वाटंत कुणी मांडलाय?"

झालं. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले, दोघांनाही मागं हटणं माहीत नाही. शेवटी गणपतराव रसाचे दोन पेले घेऊन आले आणि भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. तोवर बोर्डाला मुंग्या लागल्या होत्या. काकवी कोरलेल्या खाचांत उतरली होती आणि मुंग्या नेमक्या त्याच खाचांतून चालल्या होत्या. 'गणपतराव' हे नाव हळूहळू काळं झालं आणि वळवळायला लागलं.

राजवीर रस प्यायचा विसरला.

"हेच," तो म्हणाला. "माझ्या सिनेमाची टायटल्स... ही अशीच पायजेत. करशिला?"

तो जयसिंगपूरचा. हा त्याचा पहिलाच सिनेमा आणि तोही थरारपट. उसाच्या फडात एक माणूस नाहीसा होतो. कुणी केलं ते सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण एकही जण तोंड उघडत नाही. गोष्ट ऐकून पूर्णिमा हसली होती. "कोल्हापूरकडची माणसं गप्प बसत्यात? कुणाला पटंल?" तेव्हा हसली बिचारी.

पूर्णिमा अक्षरांची माणूस. दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, पुस्तकांची नावं, काय म्हणाल ते ती करायची. मंगळवार पेठेतल्या घराच्या गच्चीवर तिची खोली होती. तिथंच त्यांनी काम मांडलं. काचेच्या पाटीवर ती कुंचल्यानं काकवीत एकेक नाव लिहायची. काचेखाली दिवा, वर कॅमेरा. मुंग्या यायच्या, अक्षरावर जमायच्या आणि नाव चाटून-पुसून निघून जायच्या. मग तेच चित्रण उलटं फिरवायचं. पडद्यावर कोरी काच, कुठून तरी धावत येणाऱ्या मुंग्या... आणि त्या पांगल्या की मागं चमकणारं नाव. अंगावर काटा यायचा.

पण मुंग्यांना घाई करता येत नाही. काकवी ठेवायची आणि वाट बघायची. त्या वाट बघण्यातच सगळं झालं.

"तुमच्या मुंग्या लई आळशी हाईत," तो म्हणायचा.

"जयसिंगपूरच्या आणा की मग. रेल्वेनं येतील, जरा उशीर हुईल एवढंच."

"तुम्ही आणायला येणार असशिला तर आणतो."

"मी कशाला येतो? मला काय दुसरं काम न्हाई?"

असं म्हणताना ती कुंचला धुवायला वळायची, आणि धुतलेलाच कुंचला पुन्हा धुवायची. एकदा एक मुंगी तिच्या मनगटावर चढली. ती झटकणार एवढ्यात राजवीरनं आपलं बोट मनगटाशी टेकवलं, मुंगी त्यावर चढू दिली आणि अलगद काचेवर नेऊन सोडली. "जपून. हिरोईन हाय ती." मुंगी गेली, पण मनगटावरची ती जागा पूर्णिमाला दिवसभर वेगळी जाणवत राहिली. तिचं प्रेम बसलं होतं. हे तिला कळत होतं आणि त्यालाही कळलं असावं असं तिला वाटत होतं.

नटनट्यांची नावं झाली, संगीतकाराचं झालं, कॅमेरामनचं झालं. शेवटची काच राहिली. सिनेमात दिग्दर्शकाचं नाव सगळ्यांत शेवटी येतं. पूर्णिमानं कुंचला बुडवला तेव्हा राजवीर खिडकीतून बाहेर बघत होता.

"माझं नाव डाव्या अंगाला लिवा," तो म्हणाला. "उजवी बाजू मोकळी ठेवा. तिथं... तुमचं लिवा."

"टायटल करणारीचं नाव दिग्दर्शकाशेजारी? लोक हसतील."

"सिनेमाचं म्हणत न्हाई मी." तो अजून बाहेरच बघत होता. "मी च्या घेऊन येतो. आल्यावर तुमचं नाव दिसलं तर रविवारी आईआण्णांना घेऊन तुमच्या घरी येतो. न्हाई दिसलं तर परत विषय काढणार न्हाई."

आणि जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली.

पूर्णिमानं 'राजवीर' लिहिलं. मग शेजारी 'पूर्णिमा' लिहिलं. वरच्या रफाराला ती नेहमी एक छोटी गिरकी द्यायची, तीही दिली. दोन्ही नावं दिव्यावर मधासारखी उजळली. ती किती तरी वेळ बघत बसली... इतका की अक्षरांच्या कडा सुकत आल्या.

आणि मग, काय सांगायचं, तिचं डोकं फिरलं. ही काय विचारायची रीत झाली? पाठमोरं उभं राहायचं, अटी घालायच्या आणि च्या आणायला पळायचं? आयुष्यभराची गोष्ट, ती तोंडावर विचारता येत नाही? मी लिहायचं आणि यानं फक्त वाचायचं? नाही. आधी समोर येऊन विचारू दे, मग त्याच्या देखत लिहीन.

तिनं ओला बोळा घेतला आणि आपलं नाव एका फटक्यात पुसून टाकलं.

राजवीर चहा घेऊन आला. त्याची नजर काचेवर गेली, उजवीकडच्या मोकळ्या जागेवर थांबली. पूर्णिमा त्याच्याकडे बघत होती. आता विचारेल... आता. एक शब्द पुरला असता, 'का' एवढाही.

"बरं," तो म्हणाला. "कॅमेरा चालू करूया."

ठरल्याप्रमाणे त्यानं विषय काढला नाही, आणि तिनंही. त्या दिवशी मुंग्यांची वाट बघत कुणीच बसलं नाही. तो फोनच्या निमित्तानं खाली उतरला, तो गेलाच. तिला काचेकडे बघवेना, म्हणून तीही कॅमेरा चालू ठेवून आईजवळ जाऊन बसली. पुढं तिनं ते चित्रण न बघताच पुण्याला एडिटिंगला पाठवून दिलं. रोज फोन उचलायची आणि परत ठेवायची. 'नाव लिवलंतं मी' एवढंच तर सांगायचं होतं. पण त्यानं विचारलं नाही तर मी का सांगू, या एका वाक्यावर अख्खा उन्हाळा गेला.

सिनेमा लागला तो पावसाळ्यानंतर. पहिल्या खेळाचं आमंत्रण आलं आणि ती गेली. राजवीर पुढच्या रांगेत होता, शेजारी एक मुलगी. साखरपुडा झाल्याचं पूर्णिमाच्या कानावर आलंच होतं.

अंधार झाला. कोऱ्या काचेवर मुंग्या धावत आल्या आणि नावं ठेवून गेल्या. शेवटची काच आली. डावीकडे मुंग्यांचा थवा, मग चमकणारा 'राजवीर'. आणि उजवीकडे...

उजवीकडच्या मोकळ्या जागेतही मुंग्या होत्या. थोड्याच, एका ओळीत. रिकाम्या काचेवर, जिथं काहीच नव्हतं तिथं, त्या कशाला तरी धरून चालत होत्या. वर एक छोटी गिरकी घेऊन त्या वळल्या तेव्हा पूर्णिमा खुर्चीत पुढं सरकली. तो तिचा रफार होता. सुकलेल्या कडांचा गोडवा बोळ्यानं निघाला नव्हता.

मध्यंतरात तो तिच्यापाशी आला.

"बारक्या स्क्रीनवर कळलं न्हवतं," तो हळू म्हणाला. "शेवटी मोठ्या पडद्यावर रंग जुळवायला बसलो, उजेड वाढवला, तवा दिसलं. तवर साखरपुडा झालता. लिवलंतासा तुम्ही?"

"व्हय."

"मग का पुसलासा?"

"तुम्ही तोंडानं का विचारला न्हाईसा?"

"भ्यालतो."

"आन् मी वाट बघितली. आल्यावर नुसतं 'का' म्हणला असतासा तरी सांगितलं असतं."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात ती मुलगी पॉपकॉर्न घेऊन आली. प्रियदर्शनी तिचं नाव. चेहरा इतका निर्मळ, की रागवायचं म्हटलं तरी राग येईना.

"तुम्हीच का पूर्णिमाताई? टायटल्स लई भारी केलाय," ती म्हणाली. "पण शेवटच्या काचेवर मोकळ्या जागेत मुंग्या कशाला फिरत होत्या वो? सगळे म्हणत होते काढून टाका, चूक दिसतीय. हे ऐकलेच न्हाईत. काय होतं तिथं?"

राजवीर खाली बघत होता. याही वेळी तो काही बोलणार नाही, हे पूर्णिमाला कळलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "माझ्याकडनंच काच नीट पुसायची राहिलीती."