विचारलं तेवढंच

तो पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आला तो चुकून. आणि मी त्याला अर्ध्या युरोपात फिरवून आणलं, तेही चुकूनच.

आमचं ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक, माझं टेबल आणि जगाचा नकाशा. आतल्या खोलीत मामा आणि मामाचा कुरकुरणारा पंखा. दारावर पाटी — 'व्हिसा व प्रवास सल्ला'. शेजारच्या दारावर दातांच्या डॉक्टरांची पाटी. दोन्ही दारं एकाच रंगाची, आणि दोन्हीकडे येणारी माणसं सारखीच घाबरलेली. त्यामुळे चुकामूक ठरलेली.

त्या दुपारी बाहेर अवेळी भुरभुर चालली होती. तो आला, बाकावर बसला. केसांवर पाण्याचे थेंब, बाहीला पीठ, गालाशी धरलेला रुमाल.

"युरोप?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे पाणावलेले. मान हलली — हो.

"फिरायला की कामाला?"

पुन्हा हो.

"एकटेच जाणार?"

हो. हा हो मात्र जरा केविलवाणा होता.

लाजरं गिऱ्हाईक म्हणजे बिनतक्रार गिऱ्हाईक, असा माझा आजवरचा हिशेब. मी खुशीत पट्टी घेऊन नकाशापाशी गेले. इथे बर्फ, इथे डोंगर, इथे नुसतेच जुने पूल... तो प्रत्येक ठिकाणी मान डोलावत होता. शेवटी मी म्हटलं, "अहो, पण तुम्हाला नक्की कुठे जायचंय?"

त्यानं रुमाल काढला. उजवा गाल लिंबाएवढा टम्म.

"दाआत," तो म्हणाला.

आतून मामा गरजला, "बयो, त्याला शेजारी नेऊन सोड! नाहीतर दाढेचा व्हिसा काढशील त्याच्या!"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण दारातून बाहेर पडताना तो वळला, आणि त्या सुजल्या गालानं जेवढं हसता येईल तेवढं हसला. अर्धंच हसू होतं ते. बाकीचं येणं राहिलं, असं उगीचच मनात नोंदवलं गेलं.

पुढच्या आठवड्यात तो ते चुकतं करायला आला. गाल जागेवर, हसू पूर्ण, हातात घड्या पडलेला एक कागद.

"तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, कुठे जायचंय," तो म्हणाला. "तसं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घरी गेलो आणि हा कागद शोधून काढला."

तो बेकरीवाला होता. म्हणजे बेकरी थोरल्या भावाची, भट्टी याची. युरोपातल्या एका लहानशा देशातला म्हातारा बेकर कधीतरी प्रवासात त्याच्या हातचा ब्रेड खाऊन गेला होता, आणि त्यानं बोलावणं धाडलं होतं — तीन महिने ये, माझ्या भट्टीवर हात बसव. बोलावणं कधीचं कपाटात पडून होतं.

"का पडून होतं?"

"दादानं वाचलं, म्हणाला, बरं आहे. मग ठेवून दिलं."

"आणि तुम्ही?"

"मला नाही विचारलं."

असा माणूस. विचारलं की सगळं सांगणार, न विचारलं तर कागद पिवळा पडेपर्यंत गप्प बसणार. मामानं त्याचं नाव ठेवलं — गालफुग्या.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडून युरोपात जाणारी माणसं दोन खात्यांत पडतात. परत येतात ती चॉकलेट आणतात. परत येत नाहीत ती कार्ड पाठवतात — तलाव, मनोरा, 'इथे मजेत, आपल्या कृपेने'. मामाच्या खोलीतली एक भिंत त्या कार्डांनी भरली आहे. नवा माणूस पायरी चढला की मामा आणि मी त्याला खात्यात टाकतो, आणि ज्याचा अंदाज चुकेल त्यानं दुसऱ्याला चहा पाजायचा. मी सहसा चहा पाजत नाही.

"लग्न नाही," मामा त्याची फाइल चाळत म्हणाला. "घर भावाचं. दुकान भावाचं. जमीन नाही. हातात हुन्नर. बयो, हा कार्डवाला."

मी त्याच्या बाजूनं काही सापडतंय का ते खूप शोधलं. नव्हतंच काही. "कार्डवाला," मी कबूल केलं, आणि त्या दिवशी मला पंख्याचा आवाज फार त्रासदायक वाटला.

अर्जाआधी बोटांचे ठसे तपासून घ्यायची माझी रीत आहे. व्हिसा केंद्रातल्या यंत्रापुढे फजिती नको. मी शाईचं पॅड काढलं. "अंगठा द्या."

त्यानं दिला. मी तो कागदावर टेकवला. नुसता काळा गोळा उठला. पुन्हा टेकवला. पुन्हा गोळा.

"तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत!"

"भट्टीनं पुसल्या," तो म्हणाला. "गरम पत्रे उचलून उचलून."

"मग तुम्ही तुम्हीच आहात, हे त्या लोकांना कसं पटवायचं?"

"तुम्हाला पटलं का?"

त्याचं बोट अजून माझ्या हातात होतं. उबदार होतं, जणू भट्टीतून आत्ताच निघालंय. मी ते टेबलावर ठेवून दिलं. दुसऱ्याची वस्तू ठेवतात तसं, जपून.

"रात्री झोपताना मलम चोळायचं," मी फाइलीकडे बघत म्हटलं. "आणि भट्टीला हात लावायचा नाही. रेघा परत येतात."

"आणि ब्रेड?"

"वहिनींना लावू दे."

"वहिनींचा ब्रेड खाल्ला की लोक शेजारच्या डॉक्टरांकडे येतील."

आतून मामा खोकला. मामाच्या खोकल्याचे प्रकार असतात. हा 'मी ऐकतोय' प्रकारातला होता.

मग आली मुलाखतीची तालीम. ही माझी खास पद्धत. मामाला चहाला पिटाळायचं, त्याच्या खुर्चीत बसायचं, त्याचा चष्मा नाकावर ओढायचा आणि जगातला सगळ्यात खडूस अधिकारी व्हायचं. नियम एकच — विचारलं तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही. जास्तीच्या शब्दानं किती व्हिसे बुडालेत, ते मला विचारा.

"कशाला जाताय?" मी चष्म्यावरून पाहिलं.

"ब्रेड शिकायला. म्हणजे मला येतो, पण तिथलं पीठ वेगळं, आणि हा चष्मा तुम्हाला—"

"जास्त झालं! पुन्हा. कशाला जाताय?"

"ब्रेड शिकायला."

"छान. लग्न झालंय?"

"नाही."

"का नाही?"

"हे पण विचारतात?"

"...नाही विचारत. पुढे. परत येणार याची खात्री काय? इथे तुमची वाट बघणारं कोण आहे?"

 खिडकीतून डॉक्टरांच्या मशीनचा घूंऽऽ आवाज येत होता. तो माझ्याकडे बघत राहिला, इतका वेळ की चष्मा घसरून माझ्या ओठांवर आला.

"एक बरणी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"खमिराची. आंबवलेलं पीठ. माझ्या ब्रेडचा जीव त्यात असतो. रोज मूठभर पीठ आणि पाणी घालावं लागतं, नाहीतर मरतं. वहिनींना वाटतं ते नासलंय. दोनदा मोरीत ओतता ओतता वाचवलंय मी." मग हळूच — "मी नसताना... तुम्ही सांभाळाल?"

"ऑफिसरला लाच देताय?"

"ऑफिसरबाईंना विश्वासातलं माणूस नेमतोय."

"जास्त बोललात," मी म्हटलं. पण चष्मा काढून ठेवला.

मुलाखतीच्या दिवशी मी वकिलातीसमोर, रस्त्यापलीकडे छत्री धरून उभी होते. इतर गिऱ्हाइकांच्या वेळी मी ऑफिसातच बसते, हे मामानं निघताना बजावून सांगितलं होतं. पुन्हा भुरभुर होती. तो बाहेर आला, रस्ता ओलांडून सरळ छत्रीत शिरला.

"ठसे?"

"आले."

"विचारलं काय?"

"लग्न झालंय का. म्हटलं, नाही. परत येणार का. म्हटलं, येणार."

"बस? कशासाठी येणार, ते?"

"ते नाही विचारलं." छत्री लहान होती. त्याचा एक खांदा भिजत होता आणि तो माझ्याकडे बघत होता. "कुणीच विचारलं नाही."

मला कळलं होतं हो! मी काय लहान आहे? पण जे विचारायचं होतं ते घशाशी आलं आणि तोंडातून निघालं ते — "तिथे जाड मोजे लागतील."

"बरं," तो म्हणाला.

व्हिसा आला. पासपोर्ट मी त्याच्या हातात दिला. त्यानं बरणी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ऑफिसरबाई, आणखी काही विचारायचं राहिलंय?"

जो जाऊन कार्डं पाठवणार, त्याला काय विचारायचं? असले व्यवहार मी करत नाही.

"नाही," मी म्हटलं.

तो दारात थोडा रेंगाळला. मग गेला.

बरणी नकाशाखालच्या फळीवर राहिली. सकाळी ती निजलेली असायची, पीठ-पाणी घातलं की दुपारपर्यंत फुगून काठापाशी यायची, संध्याकाळी पुन्हा खाली बसायची. मामा म्हणायचा, "काय पाळलंयस हे? भुंकतं का?" मी म्हणायची, "नाही. हे पण विचारलं तेवढंच बोलतं."

कारण तो तसंच बोलत होता! मी मेसेज करायची — पोचलात? 'पोचलो.' थंडी आहे? 'आहे.' काम कसंय? 'छान.' माझाच नियम माझ्याच फोनवर येऊन बसला होता. मी दात ओठ खायची, आणि खरं विचारायचं ते सोडून बरणीचा फोटो पाठवायची. त्यावर मात्र तो लगेच लिहायचा, 'बारीक झालीय. जेवण वाढवा.' मी पण बारीक झाले होते. पण ते फोटोत नव्हतं.

आणि मग एके दिवशी कार्ड आलं. तलाव, मनोरा, मागे एकच ओळ — 'भट्टी मोठी आहे, खिडकीतून हे दिसतं.' मामानं पिन उचलली. मी म्हटलं, "आज नको लावूस." त्यानं पिन खाली ठेवली. आणि मामा असं कधी करत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ जिना चढून आला. आनंदात होता.

"नशीब काढलं पोरानं! तो म्हातारा याला कायमचं ठेवून घेतोय. तिथे राहायचे कागद करावे लागतील म्हणे. तुम्ही आधीचं एवढं छान केलंत, हेही करून टाका."

मी कागद घेतले. माझं कामच ते. एकेक पान वाचत गेले आणि प्रत्येक पानावर तो माझ्यापासून थोडा थोडा लांब जात होता. शेवटच्या पानावर त्याची संमती हवी होती. "फोन लाव," मामा म्हणाला, आणि न सांगता चहाला निघून गेला.

मी फोन लावला. त्याच्या मागे पत्र्यांचा खणखणाट होता.

"ऑफिसमधून बोलतेय," मी कोरड्या आवाजात म्हटलं. "एक प्रश्न आहे. तुम्हाला तिथे कायमचं राहायचंय का?"

"नाही."

इतका झटकन आलेला 'नाही' मी जन्मात ऐकला नव्हता.

"मग... मग दादांना का नाही सांगितलंत?"

"त्यानं विचारलं कुठे? म्हाताऱ्यानंही नाही विचारलं. सगळ्यांनी ठरवून टाकलं."

"अहो, पण असं कसं! माणसानं आपणहून बोलावं की नाही?"

"तुम्हीच शिकवलंत. एक शब्द जास्त नाही."

मी बरणीकडे पाहिलं. ती काठापर्यंत आली होती.

"का नाही राहायचं?" मी विचारलं. आवाज ऑफिसरचा राहिला नव्हता.

पलीकडचा खणखणाट लांब गेला. तो कुठेतरी दाराबाहेर आला असावा.

"हा प्रश्न फोनवर नको," तो म्हणाला. "समोर बसून विचारा. मी येतोय."

तो येणार त्या दिवशी मी सकाळपासून चष्मा पुसत होते. मामाचा. मामा म्हणाला, "काच झिजेल." मग जिन्यावर पावलं वाजली, दार उघडलं, आणि तो आत आला — खांद्याला बॅग, पायांत जाड मोजे, आणि गालाशी रुमाल.

तो बाकावर बसला. रुमाल काढला. या खेपेला डावा गाल.

"अग्गोबाई!" मी धावले. "आता हे काय?"

"दाआत," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे पाणावले.

"आणि चॉकलेट?" आतून मामा ओरडला. "चॉकलेट आणलंय की नाही? इथे चहाचा प्रश्न आहे!"

त्यानं बॅगेतून चॉकलेटचा एक मोठा रिकामा डबा काढला. मग स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं. विमानात, एकट्यानं, भीतीपोटी सगळं संपवलं होतं.

मला इतकं हसू आलं, आणि त्याबरोबर आणखी काहीतरी, की मी त्याच्या समोर जमिनीवरच बसले. चष्मा लावायचं राहूनच गेलं.

"बोलता येत नाही?"

मान हलली. नाही.

"मग मी विचारते. तुम्ही फक्त मान हलवा." "माझ्यासाठी आलात?"

हो.

"पहिल्या दिवसापासून?"

हो.

"आणि मी कधीच विचारलं नसतं तर?"

त्यानं फळीवरच्या बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांदे उडवले. वाट पाहिली असती, एवढंच.

मी त्याचा हात घेतला. बोटांवरच्या रेघा पुन्हा पुसल्या गेल्या होत्या. पण तो तोच होता, मला पटलं होतं.

"लग्न करशील माझ्याशी?" मी विचारलं.

त्यानं मान इतक्या जोरात हलवली की दाढ ठणकली आणि तो कळवळला. शेजारच्या दारातून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं. आतल्या खोलीत मामानं ते तलावाचं कार्ड उचललं, फाडलं नाही, नुसतं ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मग दारात येऊन म्हणाला,

"बयो, चहा तू पाजायचा, आणि मीही. दोघंही चुकलो. पण आधी जावईबापूंना शेजारी सोड."

मी त्याला हाताला धरून शेजारी नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कोण तुम्ही यांच्या?"

विचारलं तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. पण मी तिथे उभी राहून त्यांना दाढेपासून सगळं सांगितलं.