मेलेल्या बुलबुलांची चौकशी

सोसायटीच्या आवारात बुलबुल, मैना आणि चिमण्या रोज पहाटे मोठा गोंगाट करत. मग त्यांतले मेलेले जात कुठे? हा प्रश्न एखाद्या शास्त्रज्ञाला पडला असता तर ठीक होतं. तो पडला अध्यक्ष धारपांना, आणि त्यांनी थेट सफाईयंत्र सदूला जाब विचारला.

"वर्षभरात एकही मेलेला पक्षी तू उचललेला नाहीस. म्हणजे कामचुकारपणा. रविवारच्या सभेत तुला भंगारात काढायचा ठराव मांडतोय."

सदूचं एक चाक कुरकुरत होतं, बॅटरी दुपारीच मान टाकायची. "सापडले नाहीत, साहेब," तो म्हणाला. पक्षी मेलेले दिसत नाहीत याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी का, हे त्याला कळेना.

दुसऱ्या मजल्यावरची शर्वाणी मात्र हे ऐकून इरेला पेटली आणि सदूला घेऊन आवारभर शोधत फिरली. करवंदीच्या जाळीत खोल तिला एक मेलेला बुलबुल दिसला.

"इतक्या आत कशाला शिरला हा?"

"आजारी पक्षी आडोसा धरतो," सदू म्हणाला. "उघड्यावर शिकरा टिपतो ना."

"उचलू नकोस. कॅमेरा लाव."

"बॅटरी नाही गं."

"मी चार्ज करते. रडू नकोस."

रविवारी सभेत सगळ्यांनी ते चित्रण पाहिलं. आधी मुंग्या आल्या, मग माश्या. माश्यांच्या अळ्यांनी मांस फस्त केलं. उरलंसुरलं मुंगसाने पळवलं. मातीत झिरपलेलं जिवाणूंच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) वाट्याला गेलं.

"याला विघटन (मेलेला जीव मोडून त्याचं पुन्हा मातीतलं खत होणं) म्हणतात," शर्वाणी म्हणाली. "थोडी पिसं तेवढी राहिली. ती केराटिनची (आपली नखं ज्याची असतात त्याच पदार्थाची) असतात, लवकर कुजत नाहीत."

"म्हणजे हे काम दुसरेच करतात?" धारपांनी विचारलं.

"माझ्या आधीपासून, साहेब."

"फुकट?"

"फुकट."

ठराव एकमताने मागे घेण्यात आला. सदूचं चाक बदलायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

सोमवारी तो कुरकुरत करवंदीपाशी गेला. एक चिमणी तिथलं पीस चोचीत धरून घरट्याकडे उडाली. सदूने झाडू बाजूला ठेवला, जाळीसमोर 'काम चालू आहे' अशी पाटी उभी केली आणि सावलीत निवांत थांबला.