बुडबुडे थांबेपर्यंत

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी गळती तपासते. काम साधं आहे. व्हॉल्व्हची तोंडं बंद करायची, आत दाबाची हवा सोडायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला तर बाजूला, नाही आला तर पास. इतकी वर्षं हे केल्यावर डोळा तयार होतो. धातूला बाहेरून चिकटलेली हवा सुटते तो बुडबुडा वेगळा आणि फटीतून येतो तो वेगळा. पहिला एकदा येऊन संपतो. दुसरा येतच राहतो. मला हा फरक कळतो हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक पहिली शंका तीच काढतात.

माझा धाकटा भाऊ कल्पेश बदलापूरला मांजर्लीत राहायचा, बायको सोनिया आणि आमचे बाबा यांच्यासोबत. त्याला रिमोटच्या गाड्यांचं वेड होतं. बॅटरीवरच्या खेळण्यांचं नव्हे, खरं इंजिन असलेल्या गाड्यांचं. नायट्रो नावाचं इंधन लागतं त्यांना. इंजिन मुठीत मावेल एवढं, पण सुरू झालं की अख्खी बिल्डिंग गॅलरीत. रविवारी सकाळी तो गच्चीवर इंजिन लावायचा आणि बाबा खाली चहा पिता पिता म्हणायचे, "उठला आमचा पोऱ्या."

सोनियाला घरात त्या इंधनाचा वास चालत नसे, म्हणून गाड्यांची बॅग तो तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये ठेवायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी उल्हास नदीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा तो बॅग आणायला खाली गेला. त्या खोलीचं दार बाहेर उघडणारं होतं. पाणी बाहेरून चढत गेलं आणि दार दाबून बसलं.

पाणी ओसरल्यावर त्याला बाहेर काढलं. काढायला आलेल्यांपैकी एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की छताच्या एका कोपऱ्यात वीतभर भिंत कोरडी होती. तिथे हवा अडकून राहिली असणार. "बराच वेळ होता तो, ताई," एवढंच म्हणाला. बाबांना मी हे सांगितलं नाही. सोनियाला सांगायची गरजच नव्हती. ती जिन्यात उभी होती. दारावरच्या थापा तिने ऐकल्या होत्या, बंद होईपर्यंत.

या हिवाळ्यात तिचा फोन आला.

"ताई, बाबा जेवत नाहीयेत. कल्पेशची गाडी चालू करून द्या म्हणतात. रोज तेच. मैं क्या करूँ?"

मी रविवारी मांजर्लीला गेले. बाबा गॅलरीत बसले होते. अंगावरचं मांस उतरलं होतं. माझा हात धरून म्हणाले, "बाय, मना त्याचा आवाज आयकाचा हाय. येक डाव. मंग काय नको."

गाडी उल्हासनगरच्या करणकडे होती. करण म्हणजे कल्पेशसोबत गाड्या पळवणारा मित्र. बॅग कल्पेशच्या गळ्यात अडकलेली सापडली होती. आतल्या दोन गाड्या फेकाव्या लागल्या, एक करणने चिखल काढून, भाग न् भाग धुऊन परत जोडली. तो ती घेऊन आला आणि आम्ही गच्चीवर गेलो. त्याने दोरी ओढली. इंजिन लगेच सुरू झालं, पण आवाज ठरेना. एकदम चढायचा, किंचाळल्यासारखा व्हायचा, मग खाली पडून बंद. परत दोरी, परत तेच.

"बघ ना ताई, हे आयडलवर बसतच नाही," करण म्हणाला. "कुठून तरी हवा खेचतंय. एअर लीक आहे, पक्का. मी दोनदा खोललं. सापडत नाही यार."

या इंजिनात हवा आणि इंधन ठरलेल्या मापानेच जावं लागतं. कुठल्या तरी फटीतून जास्तीची हवा शिरली की ते असं उधळतं. त्यावर उपाय म्हणजे फट शोधायची आणि उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद करायची. मला हसू आलं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं?

"दे माझ्याकडे," मी म्हटलं.

बुवापाड्यातल्या माझ्या घरी न्हाणीत चांगला उजेड येतो. सकाळी मी स्वच्छ पाण्याची बादली भरली. इंजिनाचं धुराचं तोंड आणि कार्ब्युरेटरचं तोंड रबरी बुचांनी बंद केलं, इंधनाच्या नळीतून फुंकर घातली आणि ते पाण्यात धरलं. मागच्या झाकणाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग आली. एवढी सोपी गळती करणला कशी दिसली नाही, याचंच नवल वाटलं. झाकण काढलं, स्पिरिटने पुसलं, सिलिकॉनचा पातळ थर दिला, स्क्रू आवळले आणि एक दिवस वाळू दिलं.

दुसऱ्या वेळी झाकण कोरडं होतं. बुडबुडे कार्ब्युरेटरच्या मानेपाशी आले. हेही होतं. मोठी फट बुजली की दाब लहान फट शोधतो. ती जागा बघायला मी वाकले आणि नळी तोंडातून काढली.

बुडबुडे येतच होते.

मी नळीचं टोक बोटाने दाबून धरलं. आता आत हवा जायला वाट नव्हती. बुडबुडे थोडे थांबले, मग आले. थांबले, आले. आत राहिलेली हवा असेल, पाणी गार आहे, धातू कोमट आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण मुठीएवढ्या इंजिनात हवा मावणार किती? मी तिथे गुडघे दुखेपर्यंत बसले. बुडबुडे संपले नाहीत. थोडे येत, थांबत, पुन्हा येत.

कारखान्यातून मी दाब मोजायचा छोटा गेज आणला आणि नळीला लावला. गेज नवा होता, त्याच दिवशी तपासलेला. काटा शून्यावर असायला हवा होता. तो शून्याच्या किंचित वर जायचा, किंचित खाली यायचा. खाली जाणं म्हणजे आतून ओढ. माझ्या शेजारची शालन कपड्यांचे चिमटे मागायला आली होती, तिने दारातून बघितलं आणि विचारलं, "हे काय, कोणाचं बीपी घेतेस?"

मी काहीतरी उत्तर दिलं. मग कार्ब्युरेटरची मान सिलिकॉनने बुजवली.

आता कोणी म्हणेल, तेव्हाच थांबायचं. मलाही वाटलं होतं. पण रोज संध्याकाळी सोनियाचा फोन यायचा. आज बाबांनी दोन घास खाल्ले, आज तेही नाही. आणि खरं सांगायचं तर गळती दिसली की ती तशीच सोडणं मला जमत नाही.

बुडबुडे जागा बदलत गेले. इंधनाचं माप ठरवणाऱ्या सुईच्या रिंगेपाशी, पुढच्या बेअरिंगपाशी, इंजिनाच्या डोक्यावरच्या स्क्रूपाशी. एक वाट बंद केली की काही वेळ काहीच नसे, मग दुसरीकडून येत. पहिल्यापेक्षा बारीक, आणि पहिल्यापेक्षा घाईने. शेवटी एकच जागा राहिली, स्क्रूच्या खाचेतली, केसाएवढी. मी ती बंद केली. वाळल्यावर पाण्यात धरलं तेव्हा एक बुडबुडा कुठून तरी निघाला, धातूला धरून राहिला आणि सुटला. त्यानंतर पाणी स्थिर. गेजचा काटा शून्यावर.

कारखान्यात अशा वेळी मी पास म्हणते. त्या दिवशी मी नुसतं इंजिन पुसून ठेवलं.

चामटोलीच्या पुढे एक मोकळं माळरान आहे. कल्पेश आणि करण गाड्या तिथेच पळवायचे. आम्ही सकाळी बाबांना रिक्षाने नेलं. प्लास्टिकची खुर्ची ठेवली, त्यावर ते बसले. खांद्यावर पंचा, हात मांडीवर. सोनिया जरा लांब उभी राहिली. करणने टाकी भरली, प्लग तापवायला बॅटरीची काडी लावली, दोरी ओढली.

पहिल्याच ओढीत सुरू झालं. आवाज एकसारखा, गोल, कुठे चढ नाही, उतार नाही. करण माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, कडक!" त्याने गाडी माळावर सोडली. ती धूळ उडवत वळली, लांब गेली, परत आली. तोच गोडसर वासाचा धूर. बाबांनी डोळे मिटले होते. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. कल्पेश गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तेवढा वेळ मला वाटलं, की मी केलं ते बरोबरच केलं.

गाडी त्यांच्या पायाशी येऊन थांबली. इंजिन चालू होतं.

"टाकी संपली," करण म्हणाला. टाकी आरपार दिसणारी असते. आत थेंब नव्हता. "आता बंद होईल."

बंद झालं नाही. करणने रिमोटवरून हवेचं तोंड मिटवलं. तरी चालू. त्याने इंधनाची नळी उपटून काढली, ती कोरडी होती. तरी चालू. धूर थांबला होता. धुराच्या तोंडातून जे येत होतं त्याला गाळाचा वास होता, पूर ओसरल्यावर भिंतींना येतो तसा.

मग आवाज हळू होऊ लागला. इतका हळू की एकेक ठोका वेगळा ऐकू यायला लागला.

"एवढं स्लो चालूच शकत नाही," करण म्हणाला. "होतच नाही असं." तो दोन पावलं मागे सरला.

ठोके काही वेळ तसेच चालले. मग अडखळले. मग वेगाने आले, एकमेकांवर, आणि मध्ये लांब खंड, आणि पुन्हा वेगाने. न्हाणीतल्या त्या शेवटच्या बुडबुड्यांची घाई मला आठवली. बाबांनी डोळे उघडले.

"गुदमरतंय त्ये," ते म्हणाले. "उघड त्याला. बाय, उघड!"

मी स्क्रूला हात लावला आणि बोट भाजलं. धातू लाल व्हायचा बाकी होता. पाना शोधायला वेळ लागणार, निवायला त्याहून जास्त.

मागून सोनिया आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"नको," ती म्हणाली. "ताई, उघडू नका. बंद करा. मी हे सगळं ऐकलंय एकदा. परत तेवढा वेळ नाही ऐकू शकत मी. बंद करा त्याला, प्लीज."

"उघड!" बाबा ओरडले.

असं इंजिन बंद करायचा एक उपाय उरतो. धुराचं तोंड दाबून धरायचं.

मी बाबांच्या खांद्यावरचा पंचा ओढला, घडी केली आणि त्या तोंडावर दाबला.

आतून जोर आला. मला अपेक्षित होता तो धक्क्यांचा, गरम वाफेचा. हा तसा नव्हता. कापड आधी बाहेर फुगलं. मग आत ओढलं गेलं. घट्ट.

मी सोडलं नाही.

पुन्हा बाहेर. पुन्हा आत. कापड ओलं झालं.

बाबा माझा दंड ओढत होते. त्यांच्यात ताकद नव्हती.

पुन्हा आत.

मग काही नाही.

मी कितीतरी वेळ हात तसाच ठेवला होता. करणने तो उचलून बाजूला केला. माळावर कुठेच आवाज नव्हता. बाबांनी माझ्या हातातून पंचा घेतला, उरापाशी धरला आणि रिक्षाकडे चालायला लागले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

करणने गाडी घरी नेली. काही दिवसांनी फोन करून सांगितलं, की त्याने इंजिन खोललं, आत बोटभर गाळ होता. त्याने सगळं खाडीत टाकलं. पुन्हा त्याने फोन केला नाही, मीही नाही.

बाबा आता जेवतात. सोनिया सांगते, की त्यांची तब्येत सुधारली आहे, संध्याकाळी खाली फिरूनही येतात. माझ्याशी मात्र बोलत नाहीत. मी फोनवर असले की उठून आत जातात. गेल्या आठवड्यात सोनिया म्हणाली, "ताई, एकदा येऊन बघून जा ना. तो पंचा. मी रोज धुते, उन्हात घालते. घडी करून ठेवला की मधोमध ओला होतो. तेवढाच. बाबा उशाशी घेऊन झोपतात."

मी काल गेले. दुपार होती. खिडकी बंद, पंखा बंद. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि पंचा उशीवर होता. मधोमध वाटीच्या तोंडाएवढी जागा ओली. डाग कशाचा नव्हता, वासही नव्हता. मी तळहात त्यावर ठेवला.

गरम होतं. मग गार झालं. मग पुन्हा गरम.

बाबांनी मान वळवली नाही. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच माझ्याशी बोलले, अगदी हळू.

"दाबू नको, बाय."