दोघांत एक बुलबुलतरंग

न्हावऱ्याच्या पुढं रस्त्यात मोठा खड्डा आला, एसटी उसळली आणि मायाच्या मांडीवरचं, टॉवेलात गुंडाळलेलं बुलबुलतरंग झणकन वाजलं.

शेजारी न्हावऱ्याला चढलेला एक तरुण बसला होता. खिडकीबाहेर बघत होता. तसाच बघत तो म्हणाला, "एक तार उतरलीय."

माया चपापली. सकाळपासून तिघांनी तिला 'हे काय हाय' म्हणून विचारलं होतं. कंडक्टरला टॉवेलातून डोकावणारी बटणं टाइपरायटरची वाटली होती, आणि 'टायपिंगच्या परीक्षेला का ताई?' म्हणून त्यानं तिला मागची सीट करून दिली होती. न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा पहिलाच.

"तुम्ही वाजवता?"

"वाजवायचो."

तिनं मग आपणहून सांगितलं. वाद्य तिच्या वडिलांचं, गेणबांचं. शिरूरच्या त्यांच्या गायन पार्टीत ते वीस वर्षं भीमगीतांना साथ करायचे. ते गेल्यावर दोन वर्षं वाद्य कपाटावर पडून राहिलं. माया रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. पहिली पाळी करून आली की संध्याकाळ मोकळी. एक दिवस तिनं ते खाली काढलं आणि मोबाइलवर बघून शिकायला लागली. पण मोबाइलवरचे लोक इतकं भरभर वाजवायचे, की बोटं दिसायचीच नाहीत. चुकलं तर चुकलं म्हणणारंही कुणी नव्हतं. शिरूरच्या बँडवाल्यांकडं गेली, तर ते म्हणाले, आता सगळं कीबोर्डवर निघतं, हे कोण वाजवतंय.

"शेवटी वडिलांच्या जुन्या साथीदारानं नाव सांगितलं. दौंडचे म्हाळूमामा. त्यांच्याकडंच चाललेय."

तरुणानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मामा दिवाळीच्या आधी गेले... मी त्यांच्याकडंच शिकलो. विनोद माझं नाव."

मायानं टॉवेलाची टोकं पुन्हा नीट खोचली. चौफुला आलं तशी ती उतरली; दौंडपर्यंत जायचं कारणच उरलं नव्हतं. मागं वळून बघते तर विनोदही उतरलेला.

"तुम्हाला दौंडला जायचंय ना?"

"जाईन की. तुमची परतीची गाडी येईस्तोवर थांबतो."

स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा आला. विनोदनं चहाला हात लावला नाही. "जरा बघू का?" म्हणत त्यानं टॉवेल सोडला, एकेक तार छेडत, पिळत सुरात आणली आणि मग उजव्या हातात तारांवर मारायची पत्ती धरून डावी बोटं बटणांवर टाकली. जवळच्या टेबलावरचे ट्रक ड्रायव्हर बोलायचे थांबले. माया त्याच्या बोटांकडं बघत होती. करंगळी कुठं येते, अंगठा का मोकळा ठेवायचा, सगळं अगदी समोर, हाताच्या अंतरावर. मधेच तिची नजर बोटांवरून त्याच्या चेहऱ्याकडं गेली, आणि मग बोटांकडं यायला जरा वेळ लागला.

"तुमचं स्वतःचं कुठं हाय?"

"न्हाई. मामांच्याच वाद्यावर शिकलो. ते त्यांच्या घरच्यांनी भंगारात दिलं. नवीन मिळतात, पर सगळी खेळण्यातली... खुळखुळ्यावानी वाजतात."

म्हणजे हिच्याकडं वाद्य होतं नि विद्या नव्हती. त्याच्याकडं विद्या होती नि वाद्य नव्हतं. सौदा तिथंच ठरला. चौफुला दोघांनाही अध्येमध्ये पडायचं. तो दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. रविवार त्यालाही मोकळा. एक तास त्यानं शिकवायचं आणि अर्धा तास वाद्य त्याच्या ताब्यात.

"चौफुला?" मायाची आई, गिताबाई, म्हणाल्या. "वाद्य घेऊन? तिथं लावणीची थेटरं हायेत. माणसं इचारतील, बाई कुठल्या थेटरात असता."

"मी सांगीन, अजून शिकतेय, थेटरात कोण घेतंय."

गिताबाईंना हसू आलं, आणि हसू आलं की त्यांचा विरोध संपायचा.

तेव्हापासून माया दर रविवारी नऊच्या गाडीनं जाऊ लागली. हॉटेलवाल्यानं मागची पडवी दिली. विनोद शिकवायला कडक होता.

"पत्ती धरलीय का सुरी? भाजी चिरायची न्हाई आपल्याला."

"तुम्ही माझी बोटं बघा, हात बघू नका," तो एकदा म्हणाला.

"हात बघू नको तर बोटं कशी बघू?" मायानं विचारलं.

आणि तिनं मान खाली घातली, कारण हसू दिसलं असतं. पण अर्धा तास त्याचा आला, की दटावणारा माणूस जायचा आणि दुसराच कुणी डोळे मिटून वाजवत बसायचा. माया आठवडाभर कंपनीत गेजनं पार्ट मोजायची, पास, रिजेक्ट करायची आणि मनात तो अर्धा तास घोळवायची.

एप्रिलमध्ये जयंतीला तिनं वॉर्डातल्या कार्यक्रमात एक गाणं वाजवलं. दोनदा चुकली. पहिल्या रांगेत विनोद बसला होता. दोन्ही वेळा त्यानं मान हलवून ताल दाखवला आणि दोन्ही वेळा ती पुन्हा तालात आली. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "आता तुम्हाला शिकवायला माझ्याकडं फारसं उरलं न्हाई." कौतुकच होतं ते. मायाला मात्र ते कौतुक घरी गेल्यावर टोचायला लागलं.

त्यातच जूनमध्ये एका जेवणाच्या सुट्टीत तिची लाइनवरची मैत्रीण सुरेखा म्हणाली, "अगं, आमच्या भांडगावात धुरपदा आजी हायेत. त्यांच्या मालकाचं असलंच वाद्य घरात पडून हाय. वाजवणारा मिळाला तर फुकट देते म्हणतात."

मायाच्या हातातला घास तसाच राहिला. विनोदला हवं होतं ते विनोदपासून अर्ध्या तासावर होतं. ही बातमी त्याच दिवशी फोन करून सांगायला हवी होती. पण सांगितली की त्याला त्याचं वाद्य मिळणार, शिकवणं तर संपतच आलं होतं... मग रविवारी तो चौफुल्याला कशाला येईल?

त्या रविवारी ती बोलली नाही. पुढच्या रविवारीही नाही. पण त्या दिवशी त्याचा अर्धा तास संपला, तेव्हा वाद्य परत देताना त्यानं बटणांवरून एकदा हलकेच हात फिरवला. ते तिनं बघितलं. आठवडाभर तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

तिसऱ्या रविवारी चहा यायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. "भांडगावला तुमच्यासाठी वाद्य हाय. धुरपदा आजींकडं. आत्ताच जाऊ."

विनोदचा चेहरा एकदम पडला. "भांडगाव? आज नको. ऊन लई हाय."

"ढग आलेत की."

"मोटरसायकलमध्ये पेट्रोल..."

"समोर पंप हाय."

तो निमूट उठला. मायाला कळेना, आनंद व्हायचा सोडून हा असा का वागतोय.

धुरपदा आजी दारातच शेंगा निवडत बसल्या होत्या. विनोदला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"आलास का रं. म्हाळूचा चेला म्हणून संक्रांतीला तुला दोनदा निरोप धाडला, तवा म्हणालास, आजी, माझी सोय झालीय, दुसऱ्या कुणाला द्या. आता काय, सोय मोडली व्हय?"

विनोद चपलांकडं बघत राहिला. आजी वाद्य आणायला आत गेल्या.

"संक्रांत म्हंजी जानेवारी," माया म्हणाली.

"व्हय."

"तवापासनं ठाऊक होतं तुम्हाला?"

"व्हय."

"मग घेतलं का न्हाई?"

"घेतलं असतं तर..." तो थांबला. "माझं वाद्य आलं, की आपला सौदा मोडत होता. आन् मला तो मोडायचा नव्हता."

मायालाही आता लपवायचं नव्हतं. खरं तेच बोलावं, म्हणून ती म्हणाली, "मलापण ठाऊक होतं. दोन रविवार दाबून ठेवलं मी."

विनोदनं वर बघितलं. "दोनच?"

"मला न्हाई जमलं जास्त. तुम्ही लई निबर दिसताय."

तो हसला, तशी तीही हसली. आत आजी धूळ झटकताना खोकत होत्या. त्यांना बाहेर यायला वेळ लागला हे बरंच झालं, कारण विनोदनं तिचा हात धरला होता आणि दोघांनाही तो सोडायची घाई नव्हती.

दोन वाद्यं एका सुरात आणायला पाऊण तास गेला. मग दोघांनी मिळून आजींना एक गाणं ऐकवलं. आजी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की जेवून जाणार ना.

चौफुल्याला शिरूरची एक गाडी सुटली, दुसरी सुटली. तिसरी लागली तेव्हा माया म्हणाली, "पुढच्या रविवारी मी हितं येणार न्हाई."

विनोदचा चेहरा उतरला.

"तुम्ही शिरूरला या. आमच्या घरी."

"शिकवायला?"

"शिकवणी संपली. मागणी घालायला."

माया गाडीत चढली आणि कंडक्टरनं डबल बेल मारली. विनोद खिडकीपर्यंत धावत आला. "आन् आई न्हाई म्हणाल्या तर?"

"म्हणू दे. तुम्ही त्यांना हसवा," माया म्हणाली, "बाकीचं मी बघते."