त्र्याण्णव निळे दिवे

“निळे एलईडी आहेत का?” असं दोघांनी एकाच वेळी विचारलं, आणि दुकानदारकाकांना आधी कुणाकडे बघावं ते कळेना.

ती डावीकडून आली होती, तो उजवीकडून. तिच्या खांद्याला चष्म्याच्या दुकानाची कापडी पिशवी, त्याच्या अंगावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा करडा गणवेश आणि नखांत काळं ग्रीस. काकांनी खण ओढला, आत बराच वेळ चाचपलं आणि दहा निळ्या दिव्यांची एक पट्टी काचेवर ठेवली. एवढेच उरलेत, भाव लाल दिव्याच्या चौपट, घ्यायचे तर घ्या, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

“मला शहाण्णव हवेत,” ती म्हणाली.

“मला सात,” तो म्हणाला.

शहाण्णववालीने पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दहा दिवे घेऊन मी काय करू, तुम्हीच घ्या, असं म्हणून ती वळलीसुद्धा. त्याने पट्टी विकत घेतली, खिशातली पक्कड काढून तिचं टोक कापलं आणि दुकानाच्या पायरीवर तिला गाठून तीन दिवे तिच्या हातावर ठेवले.

“घ्या. आता त्र्याण्णवच शोधायचे राहिले.”

ती हसली. खरं तर हसण्यासारखी तिची परिस्थिती नव्हती.

घरी तिला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागलेलीच मुलगी ती… जेवताना तीनदा उठायची, झोपेतही पांघरूण लाथाडायची. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची आणि घरी आली की टेबलावर तारा, सेल, दिवे मांडून काहीतरी लुकलुकतं करत बसायची. तेवढ्यापुरती काय ती एका जागी ठरायची. तिची ताई शाळेत शिक्षिका होती. मुलांच्या नाटकात एक नाव बुडते, तर त्या नावेमागे समुद्र हवा होता. ताईने भर बैठकीत मोठ्या बाईंना सांगून टाकलं, की माझी बहीण दिव्यांचा समुद्र करून देईल. भिंगरीने दाराएवढ्या प्लायवूडवर आठ लाटा आखल्या, लाटेला बारा अशी शहाण्णव भोकंही पाडली. आणि मग कळलं, की लाल, हिरवे, पिवळे दिवे मुठीमुठीने मिळतात, निळे मात्र तेव्हा बाजारात नवे होते, त्यांचं नाव काढलं की दुकानदार भुवई उडवतात. शाळेने दिलेल्या पैशांत समुद्र सोडा, डबकंही झालं नसतं. नाटकाला सोळा दिवस होते आणि ताईने शब्द देऊन ठेवला होता.

लिफ्टवाल्याने हे सगळं पायरीवर उभ्याउभ्या ऐकून घेतलं. मग आपल्या सात दिव्यांचं सांगितलं. तो एक घड्याळ करत होता. त्याला काटे नाहीत, आकडे नाहीत, नुसतं साठ निळ्या दिव्यांचं गोल कडं. सेकंदाला एक दिवा लागायचा आणि मिनिट भरलं की वर्तुळ पुरं व्हायचं. सहा महिने तो त्यावर बसला होता. त्रेपन्न दिवे जमले होते, सातांनी अडवलं होतं.

“म्हणजे दर मिनिटाला सात सेकंद अंधार?” तिने विचारलं.

“हो ना. आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी विचारतं, किती वाजले?”

दुपारी एक ते तीन त्याला सहसा काम नसायचं. तिचं दुकानही तेव्हा बंद असायचं. तुमचं घड्याळ तर झालं, मग तुम्ही कशाला पायपीट करता, असं तिने विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. उद्या एक वाजता इथेच, असं ठरलं आणि ती घरी जाताना एक वळण चुकली.

पहिले दोन-तीन दिवस दोघं मन लावून शोधत होती. एका दुकानात निळे म्हणून मिळाले ते पांढरेच, वरून निळं प्लास्टिक. दुसरीकडे ढिगाने स्वस्त होते, पण नमुन्याला घेतलेले चाळीस पुढे सगळे मेलेलेच निघाले. पाऊस भुरभुरत होता, म्हणून एका बंद दुकानाच्या छपराखाली दोघं उभी राहिली, आणि त्याने बटनाएवढा सेल आणि आपला एक दिवा खिशातून काढून तिला युक्ती दाखवली. दिव्याचे दोन पाय सेलच्या दोन अंगांना चिमटीत धरायचे. दिवा जिवंत असेल तर लागतो, बाकी काही लागत नाही.

“धरा,” तो म्हणाला.

तिने धरला. तिच्या बोटांवर निळा उजेड पडला, त्याच्या काळ्या नखांवरही पडला… आणि कुणीच हात मागे घेतला नाही. तपासायला अजून ते चाळीस दिवे होते, त्यामुळे तशी घाई नव्हतीच.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानात जाताना तिला बंद पडत चाललेलं खेळण्यांचं दुकान दिसलं. दारात एक खोकं होतं, त्यात किल्लीला अडकवायच्या चिमुकल्या बॅटऱ्या. अंगठ्याएवढ्या, प्रत्येकीच्या तोंडाला एक निळा दिवा. सेल मेलेले, म्हणून अख्खं शंभरांचं खोकं दुकानदार मातीमोल भावाने काढून टाकत होता. तिने एक बॅटरी तिथेच उघडली, पिशवीतला सेल लावला. दिवा लख्ख लागला. दुसरी उघडली, तीही. बाजारात सुट्टा दिवा मिळतो त्याहून ही अख्खी बॅटरी स्वस्त होती. तिला नाचावंसं वाटलं.

दुपारी त्याला सांगायचं म्हणून ती वीस मिनिटं आधीच जाऊन उभी राहिली. तो धावतच आला. नदीपलीकडे एक दुकान आहे म्हणे, बसने जावं लागेल, पण तिथे नक्की मिळतील, असं तो धापा टाकत सांगत होता. दोन तिकिटांचे सुटे पैसेही त्याने काढून ठेवले होते. तिने तोंड उघडलं… आणि मिटलं. दिवे मिळाले म्हटलं की संपलंच सगळं. उद्यापासून एक वाजता कशाला यायचं? कोणत्या तोंडाने?

उद्या सांगू, असं तिने स्वतःला बजावलं, आणि बसमध्ये खिडकीशी बसली.

तो उद्याचा दिवस काही उगवेना. दुपारी ती त्याच्याबरोबर दुकानं पालथी घालायची, “नाही का? अरेरे!” असं तोंड पाडून म्हणायची, आणि पहाटे उठून चिमुकल्या बॅटऱ्या फोडून त्यातले दिवे समुद्रात बसवायची. सातव्या दिवसापर्यंत पाच लाटा झाल्या. दहाव्या दिवशी समुद्र पुरा होऊन पलंगामागे उभा राहिला. ताईचा जीव भांड्यात पडला. पण धाकट्या बहिणीला रोज दुपारी केस विंचरून दिवे शोधायला जाताना बघून तिने विचारलंच, की त्या बिचाऱ्याला हे कधी कळणार आहे?

भिंगरीने कानावर हात ठेवले. मन मात्र जागेवर नव्हतं. तिने एका आजोबांच्या चष्म्यात डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवलं आणि आजोबा दोनदा दारावर आपटून परत आले. मालकांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. तिला त्याचंही काही वाटलं नाही. वाटत होतं ते एवढंच, की तो माणूस रोज आपली विश्रांती सोडून ऊन-पावसात हिंडतोय, दर नकाराला त्याचा चेहरा उतरतोय, आणि आपण त्याला फसवतोय. सांगितलं तर तो जाईल. नाही सांगितलं तर… पण नाटकानंतर तर कळणारच होतं.

नाटकाच्या दोन दिवस आधी, भर बाराला, तो चष्म्याच्या दुकानात आला. इथे तो कधीच आला नव्हता. काउंटरवर त्याने खिळे ठेवायची एक प्लास्टिकची डबी ठेवली.

“त्र्याण्णव नाही जमले,” तो म्हणाला. “साठच आहेत. लाटा जरा विरळ करा, मुलांना कळणार नाही.”

तिने डबी उघडली. आत निळे दिवे होते, आखूड, वाकड्या पायांचे. प्रत्येक पायाला तार जोडायच्या कथलाचा थेंब चिकटलेला. नवे दिवे असे नसतात. असे दिवे सर्किटच्या पाटीवरून एकेक तापवून, ओढून काढलेले असतात. साठ.

“घड्याळ?” तिने विचारलं.

“वेळ काय, फोनमध्येही दिसते,” तो म्हणाला. मग त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती. पत्ता मोठ्याने म्हणत, तिच्याकडे एकदा हसून बघत तो निघून गेला.

तिने मालकांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या इमारतीला सात मजले होते आणि लिफ्ट अर्थातच बंद. ती जिने चढू लागली. तिसऱ्या मजल्यावर तिने काय बोलायचं ते ठरवलं, पाचव्यावर विसरली, सातव्यावर तिला श्वासच उरला नव्हता. त्याच्याही वर लोखंडी शिडी होती आणि शिडीच्या टोकाला लिफ्टच्या यंत्राची खोली. दार उघडं होतं. तो गुडघ्यावर बसून कुठलातरी नट आवळत होता. तिला बघून त्याचा पाना हातातच राहिला.

तिने डबी त्याच्यापुढे धरली.

“हे परत घ्या. मला दिवे मिळालेत. समुद्र झालाय.”

“अरे वा! आज मिळाले?”

“नाही.”

“मग?”

“आपण नदीपलीकडे गेलो, त्या दिवशी. सकाळीच मिळाले होते.” ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. “मी सांगितलं नाही तुम्हाला.”

तो पुन्हा यंत्राकडे वळला आणि घट्ट बसलेलाच नट आणखी आवळत राहिला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून लिफ्टचं काय झालं म्हणून विचारलं. तिला वाटलं, आता निघावं. पण पाय हलेनात, आणि हे तिच्या बाबतीत आजवर कधी झालं नव्हतं.

“म्हणजे त्यानंतर नऊ दुपारी,” तो पाठमोराच म्हणाला, “आपण उगाच हिंडलो.”

“उगाच नाही.”

तिने डबी खाली ठेवली.

“मला हिंडायचं होतं. तुमच्याबरोबर. दिवे मिळाले म्हटल्यावर तुम्ही आला नसता. म्हणून गप्प बसले. घड्याळ मोडाल असं वाटलं नव्हतं हो… हे मला ठाऊक असतं तर पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं. मला तुम्ही आवडता, आणि मी तुमचं सहा महिन्यांचं काम घालवलं.”

त्याने पाना खाली ठेवला. चिंधीला हात पुसले, बराच वेळ पुसले. मग वळून तिच्यासमोर उभा राहिला. चेहऱ्यावर राग होता, थोडासा, आणि तो लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

“रात्रभर तापवून काढलेत ते,” तो म्हणाला. “दोन बोटं भाजली.”

“दाखवा.”

त्याने दाखवली. तिने ती हातात घेतली. पुढचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने ती तशीच धरून ठेवली.

“सांगायचंस ना त्याच दिवशी,” तो हळूच म्हणाला. “दिवे मिळाले, आता नुसतं हिंडायला चला, म्हणून. मी नाही म्हटलं असतं का?”

“नसतं म्हटलं?”

“अगं, मला सात दिवे पहिल्याच दिवशी मिळाले होते. त्यानंतर मी रोज कशासाठी येत होतो, असं वाटलं तुला?”

हे तिला खरंच सुचलं नव्हतं. चौदा दिवस, आणि एकदाही सुचलं नव्हतं. तिला हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि दोन्ही एकदम आवरेनात.

लिफ्ट सुरू व्हायला अजून अर्धा तास होता. तिने बाजूची लाकडी पेटी ओढली आणि तिच्यावर बसली. शनिवारी नाटकाला यायचं, पहिल्या रांगेत ताईशेजारी बसायचं, असं तिने त्याला बजावलं. ताईच्या प्रश्नांना तोंड द्यायची तयारी ठेवा, असंही सांगितलं. रविवारी ती घड्याळाचे दिवे परत बसवायला येणार होती.

“एकट्याने बसवले तर एका दिवसात होतील,” तो नट चाचपत म्हणाला. “दोघांनी बसवायला घेतले तर महिना लागेल.”

“लागू दे,” ती म्हणाली.