नोंदवहीतलं पाणी

"विहिरीवर नंतर जाऊ. आधी क्रांतीला घेऊ," असं म्हणत राजवीरनं सायकल वळवली.

मागं कॅरियरवर बसलेली अंतरा टॉवेल सांभाळत हसली. सातवीची परीक्षा संपवून ती कालच कोल्हापुरातून मामाच्या गावी आली होती. पेठ वडगावच्या पुढं, उसाच्या रानांत दडलेलं हे छोटं गाव. राजवीर मामाचा मुलगा, तिच्याहून वर्षानं लहान. त्याची शेजारीण क्रांती दोघांहून लहान, पण विहिरीत सगळ्यांआधी सूर मारणारी. दर सुट्टीत तिघांचं ठरलेलं असायचं, दुपार झाली की विहीर.

आज मात्र क्रांती उंबऱ्यावर गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

"संयूदीला कावीळ झालीया," ती म्हणाली. "परवा कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलं. आईबी तिथंच हाय. घरात मी आणि आजोबाच."

संयूदी म्हणजे क्रांतीची मोठी बहीण संयोगिता. लहानपणी तिनंच अंतराला पोहायला शिकवलं होतं. अंतरा तिच्याजवळ जाऊन बसली.

"आणि कुणाला झाली आहे?"

क्रांतीनं बोटं मोजली. वरच्या आळीत चौघं, शाळेमागं तिघं, देवळाजवळ चौघं.

"अकरा जणं? आणि संयूदी धरून बारा? एवढ्याशा गावात?" अंतरा चमकली. "आमच्या सरांनी सांगितलंय, अशी कावीळ पाण्यातून पसरते. म्हणून तर टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात."

क्रांतीचा चेहरा एकदम लाल झाला. "माझं आजोबा टाकत्यात की पावडर. रोज सहाला घरातनं जात्यात. उगं काय बी बोलू नगंस."

तिचे आजोबा केरबा हे गावचे पाणीवाले. टाकी भरायची, पावडर टाकायची, आळीआळीला पाणी सोडायचं, हे सगळं त्यांच्याकडं. अंतराच्या ते लक्षातच आलं नव्हतं. तिनं पटकन जीभ चावली.

"तसं नाही गं. पण मग पाणी बिघडलं कसं?"

"पंचायतीत वही असती," राजवीर म्हणाला. "बघून येऊ."

ती वही पंचायतीच्या ओसरीत, विकतच्या पाण्याच्या जारशेजारी, खिळ्याला टांगलेली होती. गावातल्या कुणालाही ती बघता येईल, असं वर लिहिलेलं होतं, पण तिच्यावर बोटभर धूळ होती. अंतरानं पान उघडलं. रोजची तारीख, पुढं 'पावडर टाकली, चाचणी केली, रंग पिवळा', आणि शेवटी ग्रामसेवक भाऊसाहेबांची सही. एकही दिवस चुकलेला नव्हता.

"बघितलंस?" क्रांती म्हणाली.

"थांब." अंतरानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आज काय वार?"

"शुक्रवार."

"मग उद्याच्या शनिवारची नोंद आजच कशी?"

तिघंही वाकून बघू लागली. खरंच, उद्याची तारीख, उद्याची पावडर, उद्याचा पिवळा रंग आणि खाली सही.

"भाऊसाहेबांना उद्याचं पाणी आजच दिसतंय," राजवीर म्हणाला. "पंचांग सांगायला बसवा त्यांना."

क्रांती हसली नाही. ती अक्षर न्याहाळत होती. "हे आजोबांचं अक्षर न्हाय. भाऊसाहेबांनी बसल्या जागी लिवलंय. पण आजोबा टाकीवर चढत्यातच. मी दावते तुम्हाला."

युक्ती तिचीच. टाकीच्या जिन्याला खाली लोखंडी दार होतं. ते उघडल्याशिवाय वर जाता येत नसे. संध्याकाळी क्रांतीनं त्या दाराच्या कडीला आणि चौकटीला मिळून काळा दोरा बांधला, अगदी बारीक. "उद्या सकाळी तुटलेला दिसंल," ती ठामपणे म्हणाली.

शनिवारी दोरा होता तसाच होता. रविवारीही. सोमवारी सकाळी तिघं गेली, तेव्हा दोऱ्यावर एका कोळ्यानं जाळं विणायला घेतलं होतं.

क्रांतीनं दोरा तोडला, मुठीत घट्ट धरला आणि म्हणाली, "नळाचं पाणी तपासू. मग बघू."

गुरुवारी गावच्या आरोग्य उपकेंद्रात येणाऱ्या विमला सिस्टर सोमवारी ओढ्यापलीकडच्या वाडीत असायच्या. तीन गावं त्या एकट्याच बघायच्या. तिघांनी सात आळ्यांतल्या सात नळांचं पाणी सात स्वच्छ बाटल्यांत भरलं, प्रत्येकीवर आळीचं नाव चिकटवलं आणि तिघं राजवीरच्या सायकलीवरून निघाली. ओढ्याजवळच्या उतारावर सायकलची चेन तुटली. मग अंतरानं बाटल्यांची पिशवी पोटाशी धरली आणि उरलेली वाट पळत काढली. पाणी शिळं व्हायच्या आत पोचायला हवं होतं.

सिस्टरनी नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. "पावडर असली की पिवळं होतं," त्या म्हणाल्या. पहिली नळी बिनरंगीच राहिली. दुसरीही. सातवीनंतर त्यांनी चष्मा काढला.

"मी गुरुवारी तपासते, तेव्हा दर वेळी रंग येतो."

"म्हणजे तुम्ही येणार असता तेवढ्याच दिवशी पावडर पडते," अंतरा हळूच म्हणाली.

सिस्टरनी कागद पुढं ओढला. "माझी चूक झाली. मला मधल्याच एखाद्या दिवशी यायला हवं होतं." त्यांनी सातही निकाल तारखेसह कागदावर लिहून सही केली आणि लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "गावात जाऊन सांगा, पाणी उकळून प्यायचं. प्रत्येक घरात. आजच."

त्या दुपारी तिघं दारोदार फिरली. केरबांच्या दारात मात्र राजवीर आणि अंतरा बाहेरच थांबले. क्रांती आत गेली.

आजोबा गुडघ्याला तेल चोळत होते. क्रांतीनं मूठ उघडून दोरा त्यांच्यापुढं ठेवला.

"तीन दिवस तुटला न्हाय, आजोबा."

केरबांनी दोऱ्याकडं बघितलं. मग तेलाची वाटी बाजूला सारली.

"बावन्न पायऱ्या हायत, पोरी," ते म्हणाले. "हा गुडघा दहाव्या पायरीला धरतो. गुरुवारी कसाबसा चढतो. बाकीच्या दिवशी टाकीखाली बसतो, वर बघतो आणि घरला येतो. खाली बसवलेलं पावडरीचं यंत्र आठ महिने बंद पडलंय. तीनदा अर्ज दिला. भाऊसाहेब म्हणाले, होईल होईल, वहीचं मी बघतो." त्यांनी दोरा उचलून बोटाला गुंडाळला. "संयू दवाखान्यात गेली, त्या दिवशी मला कळलं मी काय केलं ते. कुणाला सांगू?"

क्रांती रडत होती, पण तिनं आजोबांचा हात सोडला नाही. बाहेर अंतरा हे सगळं ऐकत होती. चोर सापडला की आनंद होईल, असं तिला वाटलं होतं. इथं आनंद कशाचा करायचा?

"अर्जांची पोच असेल ना?" तिनं दारातूनच विचारलं.

केरबांनी पेटीतून तीन घडी केलेले कागद काढले. प्रत्येकावर पंचायतीचा शिक्का होता.

शुक्रवारी एक मे. झेंडावंदन झाल्यावर देवळासमोर ग्रामसभा भरली. डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता, त्यामुळं भाऊसाहेब नोंदवही घेऊन तयारीतच होते. "उगाच अफवा पसरवू नका. रोजची नोंद आहे, रोजची सही आहे," त्यांनी पानं उलटून दाखवली.

सरपंच शालूबाईंनी विचारलं, "कुणाला काय बोलायचं हाय?"

अंतरानं हात वर केला. "पोरांचं काय काम इथं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पाणी पोरं बी पित्यात," शालूबाई म्हणाल्या. "बोल, बाळ."

अंतरा पुढं आली. तेवढ्यात राजवीरनं टेबलावर भाऊसाहेबांपुढं पाण्याचा पेला ठेवला. बोलून घसा सुकलेल्या भाऊसाहेबांनी तो उचललाही.

"भाऊसाहेब, तो जारचा नाही," अंतरा म्हणाली. "आमच्या आळीच्या नळाचा आहे. न उकळलेला."

पेला ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला. सगळी सभा बघत होती. भाऊसाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं आणि पेला हळूच खाली ठेवला.

"रोज पावडर पडते, असं वहीत आहे," अंतरा म्हणाली. "मग पंचायतीत जारचं पाणी का येतं? आणि शनिवारची सही शुक्रवारी कशी झाली होती?"

विमला सिस्टरनी उठून सात निकालांचा कागद वाचून दाखवला. सभेत कुजबुज वाढली.

"पाणी सोडणं माझं काम नाही," भाऊसाहेब घाईनं म्हणाले. "केरबाला विचारा. कामचुकारपणा त्याचा."

क्रांती ताडकन उठली. पण तिच्याआधी केरबा उभे राहिले होते, काठीवर भार देऊन.

"खरं हाय. मी चढलो न्हाय. माझीच नात आजारी पडली, आणखी अकरा लेकरंमाणसं पडली. मला काय ती शिक्षा द्या." त्यांनी तीन कागद शालूबाईंच्या हातात दिले. "पण हे बी वाचा."

शालूबाईंनी शिक्क्यांच्या तारखा मोठ्यानं वाचल्या. ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी. मग त्यांनी कागद खाली ठेवले.

"वहीवर मी बी न बघता सही केली, दर महिन्याला," त्या म्हणाल्या. "चूक एकट्या केरबाची न्हाय. आपल्या सगळ्यांची हाय, आणि पगार घेऊन सही करणाऱ्याची सगळ्यांत जास्त."

ठराव तिथंच झाला. भाऊसाहेबांच्या चौकशीसाठी तालुक्याला पत्र गेलं. आठ दिवसांत यंत्र दुरुस्त झालं, आता पावडर खालूनच पडू लागली. डॉक्टरांनी शाळेत दोन दिवस तपासणी ठेवली, गटाराला चिकटून गेलेली फुटकी पाइपलाइन शोधून बदलून घेतली. नोंदवही खिळ्यावरून उतरली आणि चावडीच्या भिंतीवर मोठा फळा आला. रोज सकाळी आळीतल्या एका बाईसमोर चाचणी करायची आणि तिनं सही करायची. चाचणीचं काम केरबांकडंच राहिलं. त्यासाठी चढावं लागत नव्हतं.

त्या दिवशी सभा उठताच मामानं अंतराच्या पाठीवर हात ठेवला होता. "शाळेत असले प्रश्न विचारतीस का गं?"

"विचारते. सर वैतागतात."

"वैतागू देत," शालूबाई म्हणाल्या. "तुम्ही तिघांनी आम्हाला आमचंच काम दाखवून दिलंत. पुढच्या ग्रामसभेला तुमची जागा पुढं."

अंतरा कोल्हापूरला परत जायच्या आदल्या सकाळी संयोगिता घरी आली. वाळून काटकी झाली होती, पण डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. क्रांती तिला धरून चावडीपर्यंत घेऊन आली. तिथं केरबा स्टुलावर नळी हातात धरून बसले होते. नातीला बघताच त्यांनी मान खाली घातली. त्यांना तिच्याकडं बघवेना.

संयोगिता त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली. तिनं त्यांच्या हातातली नळी उजेडात धरली.

"आजोबा, आज रंग आला काय?"

केरबांनी हळूहळू मान वर केली.

"आला की, पोरी," ते म्हणाले. "तूच बघ आणि आजची सही तूच कर."