उलटे खिसे

ही गोष्ट माझ्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे आणि शब्दन् शब्द खरी आहे. मावशी आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तेही याच गोष्टीत. त्यामुळे बाकीच्यावर माझा डोळे झाकून विश्वास आहे.

डोंगराच्या पायथ्याशी तिची लाँड्री. पुढे दुकान, मधे मशिनं आणि इस्त्रीचं टेबल, मागच्या दाराबाहेर खडी पसरलेलं आवार.

कपडा हातात आला की मावशी आधी खिसे उलटे करायची. किल्ली, चष्मा असलं काही निघालं तर गिऱ्हाइकासाठी वाटीत. चुरगळलेला कागद, गोळीचं वेष्टन कचऱ्याच्या डब्यात. आणि खडा निघाला तर थेट मागच्या दारातून बाहेर, कारण एक खडा आत राहिला तरी मशिनची वाट लागते. हे सगळं न बघता व्हायचं, हाताच्या सवयीनं.

"मी मेलो तर ही माझेही खिसे तपासूनच मला जाऊ देईल," काका म्हणायचे. मावशी त्यांच्या अंगावर टॉवेल फेकायची.

ती हिवाळ्यातली दुपार होती. धुकं असं, की समोरचं दुकान दिसेना.

डोक्यावरून विमानाचा आवाज आला... फारच खालून उडत असल्यासारखा. फळीवरच्या कपबशा वाजल्या. मावशी हातातली इस्त्री तशीच धरून वर बघत राहिली.

मग डोंगरात एकच दणका.

आणि मग... काहीच नाही.

प्रवासी विमान होतं. एकही माणूस वाचला नाही.

काही दिवसांनी पोलिसांनी ओळख पटवून कपडे खाली पाठवले. कागदपत्रं, घड्याळं त्यांनी आधीच काढून घेतली होती. नातेवाईक यायला लागले होते. विमान कंपनीचा माणूस पोती घेऊन लाँड्रीत आला. "मावशी, हे असे... चिखलाने भरलेले... यांच्या हातात कसे द्यायचे?"

"ठेवा इथे," मावशी म्हणाली.

ती रडत होती आणि हात काम करत होते. खिसे उलटे, मग पाणी, मग साबण. एका पुरुषाचा तपकिरी कोट होता. खिसा उलटा केला तसं काहीतरी जमिनीवर पडलं.

टक्.

खडा. तिने उचलला, मागच्या दारातून भिरकावला आणि पुढचा कपडा घेतला.

कोट धुतला, वाळवला, कडक इस्त्री केली, खिशांची अस्तरं नीट आत घातली, चिठ्ठी लावून टांगला.

सकाळी पाहते तर... कोटाचे दोन्ही खिसे उलटे. अस्तरं बाहेर लोंबत होती.

"तुम्ही हात लावलात का हो?"

"मला काय वेड लागलंय?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

तिने अस्तरं आत घातली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग तिने सुईदोरा घेतला आणि खिशांची तोंडंच शिवून टाकली.

सकाळी खिसे उलटे होते. खाली जमिनीवर दोरा पडला होता... अख्खा. कुठेही न तुटलेला.

त्याच संध्याकाळी मागच्या आवारात खडी वाजली.

चालण्याचा आवाज नव्हता तो. कुणीतरी खाली बसून हाताने खडी चाळावी, तसा. करकर... मग शांत. मग एक दगड बाजूला ठेवल्यासारखा...

टक्.

पुन्हा करकर.

मावशीने धीर करून दार उघडलं. नुसतं धुकं.

दोन दिवसांनी कोट न्यायला एक बाई आली, बरोबर लहान मुलगी. बाईने कोट घेतला आणि त्यात तोंड खुपसून उभी राहिली. मुलीने मात्र सरळ खिशात हात घातला. एका, मग दुसऱ्या.

"आई, खडा नाहीये."

बाईने डोळे पुसले. "बाबा परगावी निघाले की ही त्यांच्या खिशात एक खडा ठेवायची. परत आणून द्यायचा, ही अट. दर वेळी तोच खडा." मग मुलीला म्हणाली, "पडला असेल गं कुठेतरी."

"बाबा हरवत नाहीत," मुलगी म्हणाली.

मावशीला मागच्या दारातून भिरकावलेला तो खडा आठवला.

"थांब हं, बघते," म्हणत ती मागे धावली आणि खडीत गुडघे टेकून बसली. सगळं आवार खड्यांनी भरलेलं. त्यातला कुठला? काळा होता, पांढरा होता, गोल होता? तिने फेकताना पाहिलासुद्धा नव्हता! शेवटी हाताला लागला तो एक उचलला, पदराला पुसला आणि आत आणला.

"मशिनमागे गेला होता बघ," ती म्हणाली.

मुलीने खडा तळहातावर घेतला. बराच वेळ पाहिला. मग मान वर करून मावशीकडे पाहिलं.

"हाच," ती म्हणाली.

कोट गेला. निभावलं, असं मावशीला वाटलं.

संध्याकाळी... खडी वाजली.

पुढे वर्षं गेली. काका गेले. शेजाऱ्यांनी आपापल्या आवारात फरशी घातली, मावशीने घालू दिली नाही. मी एकदा विषय काढला, तर माझ्यावरच भडकली. "तो शोधतोय अजून. फरशी घातली तर बिचारा शोधेल कुठे?"

मांजर असेल, उंदीर असतील, असं मी म्हणायचो. मग एका धुक्याच्या संध्याकाळी मी स्वतः तो आवाज ऐकला. त्यानंतर मांजराचं नाव काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एक तरुण बाई दुकानात आली. काउंटरवर तिने एक खडा ठेवला.

"मावशी, हा तुमचा. तुमच्या आवारातला."

मावशीने तिचे डोळे ओळखले. "म्हणजे... तुला कळलं होतं?"

"तेव्हाच. पण तुमच्या हातांना चिखल होता आणि तुम्ही रडत होता. मग मी काय बोलणार?"

मावशी खाली बसली. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं तिने सांगून टाकलं. उलटे खिसे, दोरा, खडी. मुलगी ऐकत राहिली, तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"बाबा... अजून?"

बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. दोघी मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

करकर... टक्.

मुलीचा हात तोंडावर गेला. मग लहान मुलाची समजूत काढावी तसं ती बोलली.

"बाबा, राहू दे तो खडा. मी रागावले नाहीये. चला, घरी जाऊ."

खडी थांबली.

ती आवारातूनच फाटकाकडे निघाली. धुक्यात ती दिसेनाशी झाली, पण पावलं ऐकू येत होती. करकर, करकर... आणि शेजारी, जरा जड अशी, आणखी एका माणसाची.

फाटक वाजलं. मग शांतता.

मावशी त्या रात्री पोटभर रडली आणि गाढ झोपली. सकाळी मला फोन करून म्हणाली, "सुटला रे बाबा एकदाचा." मलाही भरून आलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

परवा संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"खडी वाजतेय."

"ते परत आले?"

"नाही. तो गेला, त्याला न्यायला लेक आली. अरे, त्या विमानात तो काय एकटाच होता? सगळ्यांचे खिसे मीच उलटे केले. चुरगळलेले कागद, दोऱ्याचे तुकडे, गोळ्यांची वेष्टनं... कचरा म्हणून टाकलं रे सगळं. त्यातलं कुणाला काय हवं होतं, मला आता कोण सांगणार?"

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

तिच्या रडण्यामागे मला खडी ऐकू येत होती... एका जागी नाही, आवारभर.

आणि मग, अगदी जवळून, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.